सुईच्या टोकावरची शिकार

समुद्र गोठलेला असतो आणि त्या गोठलेल्या समुद्रावर वाऱ्यानं दाबून बसवलेला बर्फाचा थर असतो. त्या थराखाली कुठंतरी एक भोक आहे, पण वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी गोठू लागतं तेव्हापासून रिंग्ड सील पुढच्या पायांच्या नखांनी खरवडून ते उघडं ठेवतो, कारण श्वासासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. एकेका सीलची अशी अनेक भोकं असतात. शिकाऱ्याचा कुत्रा वासावरून त्यातलं एक हुडकून काढतो. मग शिकारी हलक्या हातानं वरचा बर्फ बाजूला करतो, भोकात हाडाची बारीक काडी सोडतो, पायाखाली केसाळ कातड्याचा तुकडा अंथरतो, कमरेत वाकतो, हार्पून हा शिकारीचा भाला हाताशी ठेवतो आणि थांबतो. सील वर आला की पाणी हलेल, पाणी हललं की काडी हलेल. तोवर पाय आपटायचे नाहीत, हात चोळायचे नाहीत, खोकायचंसुद्धा नाही, कारण बर्फावरची चाहूल पाण्याखाली लगेच पोचते. हवा उणे ३० अंश सेल्सियस. तास जातो, दोन तास जातात, कधी अर्धा दिवस जातो. आणि काडी हलली की त्याच वाकलेल्या, ताटकळलेल्या शरीरातून एकच फटका नेमका आणि पुऱ्या ताकदीनिशी बसला पाहिजे.

कॅनडाच्या उत्तर टोकाला आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यांवर इनुइट लोक पिढ्यान् पिढ्या सीलची शिकार करत आले. फ्रान्झ बोआस यांनी १८८३-८४ मध्ये बाफिन बेटावर राहून आणि क्नूद रासमुसेन यांनी १९२१ ते १९२४ च्या पाचव्या थुले मोहिमेत त्यांच्या जगण्याच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्या नोंदी वाचताना बहुतेकांचं लक्ष हार्पूनकडे जातं, माझंही गेलं. पण हळूहळू एक प्रश्न डोकं खाऊ लागला. हा माणूस तिथं उभा राहू कसा शकतो? सील मारण्याचं कसब नंतरची गोष्ट झाली. उणे ३० अंशांत अर्धा दिवस न हलता उभं राहून जिवंत घरी येणं ही आधीची गोष्ट आहे, आणि तिचं उत्तर शिकाऱ्याच्या हातात नसून त्याच्या घरात, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटांत सापडतं. हे पुस्तक त्या उत्तराविषयी आहे. थंडीतल्या शिकारीचं सर्वांत महत्त्वाचं हत्यार सुई आहे, असं मी मानतो, आणि पुढची सगळी प्रकरणं हेच म्हणणं वेगवेगळ्या बाजूंनी पारखतात.

आधी शरीराचा हिशेब पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं. तोच माणूस भुसभुशीत बर्फातून ओझं ओढत चालू लागला की हा आकडा पाच-सहा पटींनी वाढतो. शिकारीत या दोन्ही अवस्था एकापाठोपाठ येतात, आणि सगळी ग्यानबाची मेख इथंच आहे. जाताना शरीर तापतं, घाम येतो, आतले कपडे ओले होतात. मग शिकारी थांबतो. उष्णता तयार होणं एकदम कमी होतं आणि अंगाला चिकटलेला ओलावा ती भराभर बाहेर काढू लागतो. पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. कोरडा माणूस ज्या थंडीत तासन् तास तग धरतो, त्याच थंडीत घामेजलेला माणूस थोड्याच वेळात कुडकुडायला लागतो. ज्याला रस्ताभर चालतच राहायचं आहे त्याला हा धोका कमी. ज्याला चालून जाऊन मग निश्चल बसायचं आहे त्याला सर्वांत जास्त.

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली आलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं डॉक्टर मानतात. जोरात कुडकुडणं, बोटांनी गाठ न सुटणं, शब्द अडखळणं, पाय लटपटणं ही त्याची पहिली लक्षणं. आणखी खाली, ३० अंशांच्या आसपास, कुडकुडणं थांबतं. पाहणाऱ्याला वाटतं की गड्याला बरं वाटू लागलं. प्रत्यक्षात शरीरानं लढणं सोडलेलं असतं. या टप्प्यावर काही माणसं अंगावरचे कपडे काढून फेकतात, कारण त्यांना उकडल्याचा भास होतो. सर्वांत घातक भाग असा की तापमान घसरताना विवेक आधी जातो, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे ज्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून उत्तरेकडचे जाणते शिकारी सोबत्याच्या बोलण्याकडे कान लावून असतात. नेहमी भरभर बोलणारा गप्प झाला, किंवा साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागला, की शिकार तिथंच थांबते.

आपल्याकडे अशा गोष्टी निघाल्या की एक उत्तर तयार असतं: त्या लोकांना सवयच असते. निफाडला पारा पाच अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणारे आपण, आपल्याला हे उत्तर पटतंही. पण ते खरं नाही. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या जनुकांत चरबीयुक्त आहार पचवण्याशी निगडित काही बदल आढळले आहेत; २०१५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. गारठ्यात त्यांच्या हातांना रक्तपुरवठाही आपल्यापेक्षा चांगला होतो. तरीही शरीरातले हे फरक फार थोडा हातभार लावतात. उघड्या अंगानं त्या वाऱ्यात उभा केलेला इनुइट आपल्याइतकाच मरेल. ‘सवय’ म्हणून सोडून दिलं की हजारो वर्षांची बुद्धी, निरीक्षण आणि मेहनत आपण एका शब्दात पुसून टाकतो, आणि मला त्याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

त्या मेहनतीची सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. कॅरिबू हे उत्तरेकडचं मोठं हरीण. उन्हाळा सरताना त्याच्या अंगावर नवी लव आलेली असते, कपड्यांसाठी नेमकी हवी तेवढ्या लांबीची. त्याआधीचं कातडं पातळ आणि भोकं पडलेलं, हिवाळा पुढे सरकल्यावरचं फार जाड. म्हणजे वर्षभराचे कपडे मिळवायला मोजके आठवडे हाताशी. मोठ्या माणसाच्या पूर्ण पोशाखाला पाच-सहा कातडी लागतात, आणि घरात माणसं असतील तेवढे पोशाख. कॅरिबूच्या प्रत्येक केसाच्या आत हवेचे बारीक कप्पे असतात. केसांमधल्या हवेत भर म्हणून केसांतलीही हवा, त्यामुळे हे कातडं वजनाला हलकं असून विलक्षण ऊबदार असतं. पूर्ण पोशाखाचं वजन सुमारे साडेचार किलो. कडाक्याच्या थंडीत शहरातला माणूस अंगावर चढवतो ते कपडे आणि बूट वजन करून पाहिले तर यातलं नवल कळेल.

हा पोशाख दुहेरी असतो. आतल्या सदऱ्याची लव अंगाकडे, बाहेरच्या सदऱ्याची लव बाहेर, आणि दोन्हींच्या मध्ये हवेचा थर. पुढून उघडणारी फट कुठंच नाही, सदरा डोक्यावरून घालायचा. खांद्यांना इतकी सैल जागा सोडलेली की उभ्या उभ्या दोन्ही हात बाह्यांतून आत ओढून पोटाशी धरता येतात. गरम हवा वर चढते, म्हणून चालताना उकडू लागलं की टोपडं मागे सारून गळा मोकळा करायचा. ऊब तिथून निघून जाते आणि घाम धरत नाही. थांबलं की टोपडं पुन्हा वर. एवढ्या एका हालचालीनं घामाचा मघाशी सांगितलेला पेच सुटतो. टोपड्याच्या काठाला लांडग्याच्या किंवा वुल्व्हरीनच्या फरची झालर असते. श्वासाची वाफ तिच्यावर गोठते खरी, पण वुल्व्हरीनच्या केसांवरचं हिम हातानं सहज झटकून टाकता येतं. डोळ्यांवर हाडाचा किंवा लाकडाचा चष्मा, त्याला काचेऐवजी बारीक आडवी चीर, म्हणजे वसंतातल्या बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हानं डोळे जात नाहीत.

आता बुटांकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या कलेचा कळस तिथं आहे. पाणी लागणार अशा ठिकाणी सीलच्या कातड्याचे बूट वापरतात. कातडं जलरोधक असेल, पण शिवलं की सुईनं भोकं पडणार आणि भोकांतून पाणी येणारच. यावर इनुइट बायकांनी काढलेला तोडगा असा: शिवणीच्या दोन ओळी घालायच्या. पहिल्या ओळीत सुई एका तुकड्यातून आरपार जाते, पण दुसऱ्या तुकड्याच्या अर्ध्या जाडीपर्यंतच शिरून परत फिरते. दुसऱ्या ओळीत याच्या उलट. दोन्ही तुकड्यांतून आरपार जाणारं एकही भोक राहत नाही. कातड्याच्या अर्ध्या जाडीत सुई वळवायची म्हणजे बोटांना केवढी नजर हवी! दोरा कॅरिबूच्या पाठीच्या स्नायूंमधून काढलेल्या तंतूंचा. तो ओला झाला की फुगतो आणि उरलीसुरली फट बुजवतो. टोरांटोत राहणाऱ्या मराठी वाचकांनी ब्लूर स्ट्रीटवरच्या बाटा शू म्युझियममध्ये जाऊन उत्तर ध्रुवप्रदेशातली पादत्राणं जरूर पाहावीत. फोटोत ही शिवण समजत नाही.

बूट एकदा शिवून काम संपत नाही. ओल लागून वाळलेलं कातडं कडक होतं, ते दातांनी चावून पुन्हा मऊ करावं लागे. उतारवयात बायकांचे दात झिजून हिरड्यांपाशी आलेले असत. शिकारी परतला की आत येण्याआधी कपड्यांवरचा बर्फ काठीनं झोडपून काढायचा, कारण तो उबेत वितळला की लव भिजणार. बूट आणि हातमोजे दिव्यावरच्या मांडणीवर वाळत पडायचे. हा दिवा शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडातून कोरलेला, त्यात सीलच्या चरबीचं तेल, काठाला शेवाळाची किंवा रानकापसाची वात. ती वात धूर न करता सारखी जळत ठेवणं हेही बायकांचंच काम. म्हणजे शिकारीनं तेल आणलं, तेलानं दिवा जळला, दिव्यानं बूट वाळले, आणि वाळलेल्या बुटांनी दुसऱ्या दिवशीची शिकार. यातला एक दुवा निसटला तर पुढचा टिकत नाही.

रासमुसेन यांनी नोंदवलेला एक दंडक मला फार अर्थपूर्ण वाटतो. नेत्सिलिक या इनुइट गटात जमिनीवरचे आणि समुद्रातले प्राणी एकमेकांत मिसळायचे नाहीत असा कडक नियम होता. समुद्रबर्फावर सीलच्या शिकारीसाठी मुक्काम हलवला की कॅरिबूच्या कातड्याचं शिवणकाम बंद. त्यामागची श्रद्धा त्यांची त्यांना ठाऊक होती; तिचा एक परिणाम असा की बर्फावर पाऊल ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा पोशाख पूर्ण झालेलाच असायचा. अर्धवट शिवलेला सदरा घेऊन कुणी शिकारीला जाऊच शकत नव्हतं.

बाहेरून आलेल्या माणसांना हे शिकायला फार वेळ लागला. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या ‘एरिबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांवरून गेलेले १२९ जण त्याच प्रदेशात नाहीसे झाले. जहाजांचे सांगाडे थेट २०१४ आणि २०१६ मध्ये सापडले. उपासमार, आजार, बर्फात अडकलेली जहाजं, अशी त्यांच्या मृत्यूची कारणं अनेक आहेत. पण ज्या बेटाच्या आसपास ती माणसं लोकरी कपडे आणि चामडी बूट घालून एकेक करत पडली, तिथं इनुइट कुटुंबं लेकराबाळांसह राहत होती. त्याच किंग विल्यम बेटावर १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं रोआल्ड अमुंडसेन राहिले. त्यांनी नेत्सिलिक लोकांकडून कपडे घेतले, ते सैल का घालायचे हे समजून घेतलं, कुत्र्यांची गाडी हाकायला शिकले. १४ डिसेंबर १९११ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोचले आणि सुखरूप परतले. १७ जानेवारी १९१२ रोजी तिथं पोचलेले रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार सोबती मुख्यतः लोकर आणि वारारोधक कापड घालून, स्वतः गाड्या ओढत गेले होते. परतीच्या वाटेवर पाचही जण दगावले. रॉबर्ट पिअरी यांच्या १९०८-०९ च्या उत्तर ध्रुव मोहिमेत ‘रूझवेल्ट’ जहाजावर इनुइट बायका हिवाळाभर फरचे कपडे शिवत होत्या. पिअरी यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. त्या बायकांचं असायला हवं होतं.

आज परिस्थिती बदलली आहे. १९६० च्या दशकापासून कुत्र्यांच्या गाडीची जागा स्नोमोबाइलनं घेतली. वेग वाढला, आणि वेगासोबत अंगावर येणारा वाराही. हवा उणे २० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला उणे ३३ इतका बोचतो. कुत्रा पातळ बर्फ ओळखून थबकतो, यंत्र थबकत नाही. आणि घरापासून दूर ते बंद पडलं तर परतीचा सगळा रस्ता पायी. रायफल उबदार तंबूत आणली की तिच्या धातूवर दव धरतं, ते बाहेर गेल्यावर गोठतं आणि चाप अडकतो, म्हणून बंदूक रात्रभर बाहेर थंडीतच ठेवतात. दारूविषयी एवढंच सांगतो की ती त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावते. प्यायलेल्याला ऊब जाणवते, ती त्याच्या आतली ऊब बाहेर निघत असल्याची असते.

बर्फाच्या जाडीचं प्रकरण मी या पुस्तकात मुद्दाम मोठं ठेवलं आहे. गोड्या पाण्याचा स्वच्छ, घट्ट बर्फ १० सेंटिमीटर जाड असेल तर एक माणूस चालू शकतो. समुद्राचा नवा बर्फ खारा, लवचीक. तो पायाखाली वाकतो आणि गोड्या पाण्याच्या हिशेबानं त्याच्यावर विसंबता येत नाही. वर हिमाची चादर असेल तर तीच पांघरूण होऊन खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. इनुइट शिकारी हातातला दांडा पुढे आपटत चालतो. एका घावात आरपार गेला की तिथून मागे. तरी माणसं पडतात. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून केलेल्या अभ्यासातून एक सोपा हिशेब दिला आहे. पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, कारण धक्क्यानं धाप लागते. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर निघायचं. त्यानंतर शुद्ध हरपायला साधारण तासभर. म्हणजे माणूस पडताक्षणी गारठून मरत नाही. घाबरून मरण्याचा धोका आधी असतो. ज्या दिशेनं आलो तिकडे तोंड करायचं, कारण तिथला बर्फ आपलं वजन पेलत होता. पाय मारत शरीर आडवं करायचं, पोटावर सरकत वर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. झांस्करच्या गोठलेल्या नदीवरच्या ‘चादर’ ट्रेकला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी हे पाठ करून जावं. केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला निघणाऱ्यांनी घामाचं प्रकरण वाचावं. चढ सुरू होण्याआधी जाड जॅकेट काढून पिशवीत टाकलं, तर वर थांबल्यावर ते कोरडं मिळेल.

शिकारीवर मराठीत पुस्तक का, असं काही वाचक विचारतील, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. हौसेसाठी आपण जंगलं रिकामी केली होती. पण जिथं शेती होत नाही, जिथं दुकानात आलेली भाजी विमानानं येते आणि तिची किंमत सामान्य घराला परवडत नाही, तिथं सीलचं मांस म्हणजे रोजचं जेवण आहे. १९८३ मध्ये युरोपनं सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. तिचा रोख व्यापारी कत्तलीवर होता, पण सगळ्याच कातड्यांचा बाजार कोसळला आणि त्याची झळ इनुइट कुटुंबांना बसली. माझी सहानुभूती कुठं आहे हे मी लपवत नाही.

आता समुद्र उशिरा गोठतो आणि लवकर फुटतो. वडीलधाऱ्यांनी दाखवलेल्या वाटा आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. लॅब्राडोरमधल्या नाइन गावापासून सुरू झालेला ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम बर्फाची जाडी उपकरणांनी मोजून गावकऱ्यांना कळवतो, आणि ती मोजणारी माणसं त्या त्या गावचीच असतात. दुसरीकडे कॅरिबूही घटले. बाफिन बेटावर २०१५ च्या जानेवारीपासून त्यांची शिकार काही काळ पूर्ण थांबवावी लागली, पुढे मोजक्या संख्येनं परवानगी मिळाली. कातडीच नसतील तर मुलींना टाका शिकवायचा कशावर? अनेक शिकारी आज कारखान्यात बनलेला पार्का घालतात आणि पायात मात्र आई-आजीनं शिवलेले बूट.

शेवटचं प्रकरण निव्वळ कामाचं आहे: हिमदंश, हायपोथर्मिया आणि बर्फाळ पाण्यात पडलेल्यावरचा प्रथमोपचार. त्यातली एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण उलट समज फार पसरलेला आहे. गोठलेल्या बोटांवर बर्फ चोळायचा नाही, ती शेकोटीवरही धरायची नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायची, आणि तेही ती पुन्हा गोठणार नाहीत अशा ठिकाणी पोचल्यावरच.